गाठीला क्यूआर कोड, कुर्त्यावर नुसतं 'कॉटन ब्लेंड'

कोणतंही शॉपिंग अ‍ॅप उघडा, 'कुर्ता' सर्च करा आणि फिल्टरमध्ये जाऊन 'फॅब्रिक'वर टॅप करा. कॉटन, कॉटन ब्लेंड, रेयॉन, जॉर्जेट, सॅटिन, डेनिम, क्रेप, आर्ट सिल्क, पॉली सिल्क... यादी खाली खाली जातच राहते. आपण 'कॉटन'वर टिक करतो, किमतीचा स्लायडर पाचशेवर आणतो आणि पुढे निघतो.

या यादीतच एक घोळ आहे. समजा एखाद्या हॉटेलच्या मेन्यूकार्डात बटाटा, भजी, बेसन, उपमा, रवा असं एकाखाली एक छापलंय. तुम्ही वेटरला विचाराल, यातला पदार्थ कुठला आणि कच्चा माल कुठला? कपड्यांच्या फिल्टरमध्ये अगदी हेच झालंय. कॉटन, पॉलिस्टर, रेयॉन हा कच्चा माल, म्हणजे तंतू. सॅटिन, डेनिम, जॉर्जेट ही कापडाची नावं, म्हणजे तो धागा कसा पिळला आणि कसा विणला याची नावं. सॅटिन रेशमाचंही असतं आणि पॉलिस्टरचंही. म्हणून '₹४९९ मध्ये सॅटिन साडी' ही जाहिरात खोटी ठरत नाही. ती फक्त तुम्हाला हवं ते सांगत नाही.

हे का लिहितोय? २०२५ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत तुमच्या अंगावरच्या कपड्याच्या कच्च्या मालाबद्दल लागोपाठ सरकारी निर्णय झाले. बातम्यांमध्ये ते 'टॅरिफ', 'जीएसटी', 'क्यूसीओ' अशा शब्दांत येऊन गेले, आणि फोनवर स्क्रोल करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याचा कपाटाशी काही संबंध आहे असं वाटलंच नाही. संबंध चांगलाच आहे. पण त्यासाठी आधी धागा कुठून येतो ते बघायला लागेल.

शेतातून, किड्याकडून, झाडातून आणि तेलातून

कापसापासून सुरुवात करू, कारण देशात कापसाखालचं सगळ्यात जास्त क्षेत्र आपल्या महाराष्ट्रात आहे, जवळपास ४० लाख हेक्टर. त्यातला बहुतांश पावसाच्या भरवशावर. बोंडातून वेचलेला कापूस थेट गिरणीत जात नाही. आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी काढतात, उरते ती रुई. १०० किलो कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकीची बहुतेक सरकी. सरकीचं तेल आणि पेंड होते. रुई दाबून तिची गाठ बांधतात. भारतात एक गाठ १७० किलोची, म्हणजे पाच क्विंटल कापसाची एक गाठ असा ढोबळ हिशोब.

कापसाची किंमत ठरते ती मुख्यतः तंतूच्या लांबीवर. लांब तंतू घट्ट पिळता येतो, बारीक सूत निघतं, कापड मऊ होतं आणि त्यावर गोळे कमी येतात. सरकारी हमीभावातही हीच विभागणी आहे. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ₹७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ₹८,११०. लांब म्हणजे किती? २९.५ ते ३०.५ मिलिमीटर. तुमच्या फोनच्या चार्जिंग पिनच्या तिप्पट-चौपट लांबीचा एक केस. एवढ्यावर सगळा खेळ.

दुसरा मोठा तंतू पॉलिस्टर. हा कच्च्या तेलापासून बनतो. पीटीए आणि एमईजी नावाची दोन रसायनं एकत्र करून जे प्लास्टिक तयार होतं ते पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटलीवर तळाला लिहिलेलं असतं तेच. ते वितळवून बारीक भोकांतून दाबलं की शेवयांसारखे तंतू निघतात. म्हणूनच जुन्या बाटल्यांपासून टी-शर्ट बनू शकतो. जगात आज जेवढा तंतू बनतो त्यातला निम्म्याहून जास्त पॉलिस्टर आहे आणि कापूस साधारण पाचवा हिस्सा. भारतात कापसाचा वाटा यापेक्षा मोठा आहे, अजून तरी.

रेयॉन किंवा व्हिस्कोस या दोघांच्या मधला. कच्चा माल झाडाचा, म्हणजे लाकडाचा लगदा. तो रसायनांत विरघळवून परत तंतू बनवतात. त्यामुळे हात लावला तर कापसासारखाच थंड आणि मऊ लागतो, घामही शोषतो. पण ओला झाला की याची ताकद बरीच कमी होते. रेयॉनचा कुर्ता दोन-चार धुण्यांत आकसला किंवा शिलाईपाशी विरला तर त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. कापसाचं उलट आहे. तो ओला असताना जास्त मजबूत होतो. हा फरक लक्षात ठेवा, खाली उपयोगी पडणार आहे.

रेशीम किड्याचं. एका कोशातून हजार मीटरच्या आसपास अखंड धागा निघू शकतो. तुतीचं रेशीम सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या गडचिरोली, भंडारा, चंद्रपूरकडच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात, ते रेशीम वेगळं, थोडं खरखरीत आणि मातकट सोनेरी. आणि हो, 'आर्ट सिल्क' मधल्या 'आर्ट'चा कलेशी काही संबंध नाही. तो 'आर्टिफिशियल'चा शॉर्टफॉर्म आहे.

लिनन जवसाच्या कुळातलं. विदर्भात ज्याची चटणी करतात तेच जवस, फक्त तंतूसाठीचे वाण वेगळे, उंच वाढणारे. त्यांच्या खोडातून धागा काढतात. लोकरीबद्दल एवढंच सांगतो की घोंगडी ज्या दख्खनी मेंढीच्या लोकरीची असते ती जाडीभरडी असते, आणि स्वेटरच्या लेबलवर 'वुलन' लिहिलेलं असलं तरी आत बहुधा अ‍ॅक्रेलिक निघतं.

चार महिन्यांत काय काय बदललं

अमेरिकेने भारतीय मालावरचं आयात शुल्क २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेलं. कपडे निर्यात करणाऱ्यांना हा मोठा फटका होता. गिरण्यांना कच्चा माल स्वस्तात मिळावा म्हणून केंद्राने परदेशी कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून माफ केलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ही सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे नेमका आपल्याकडे कापूस वेचून बाजारात यायचा काळ.

दुसरा निर्णय जीएसटीचा, २२ सप्टेंबरपासून लागू. कृत्रिम तंतूंवरचा कर १८ वरून ५ टक्के आणि कृत्रिम सुतावरचा १२ वरून ५ टक्के झाला. याआधी गंमत अशी होती की पॉलिस्टर तंतूवर १८ टक्के, सुतावर १२ टक्के आणि त्यापासून विणलेल्या कापडावर ५ टक्के. कच्च्या मालावर जास्त कर आणि तयार मालावर कमी, म्हणजे विणणाऱ्याचे पैसे परताव्याच्या फायलीत अडकून पडायचे. कापसाच्या साखळीत सुरुवातीपासून ५ टक्केच होते. आता दोन्ही सारख्याच पातळीवर आले. तयार कपड्यांत ₹२,५०० पर्यंत ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के अशी नवी रेघ आली.

तिसरा निर्णय कोणाच्या फारसा लक्षात आला नाही. पॉलिस्टरचा तंतू, सूत आणि त्याची कच्ची रसायनं आयात करायला बीआयएसचं प्रमाणपत्र लागायचं. ती सक्ती नोव्हेंबरच्या मध्यावर मागे घेतली, पाठोपाठ व्हिस्कोसच्या तंतूवरचीही. त्यामुळे परदेशी स्वस्त तंतूला दार उघडलं.

या तिन्हींचा एकत्र परिणाम बघा. तेव्हा गिरणीला परदेशी कापूस स्वस्त झाला, पॉलिस्टर स्वस्त झालं, व्हिस्कोस स्वस्त झालं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांसाठी ही खरंच दिलाशाची गोष्ट होती, त्यांच्या बाजूने मला काही तक्रार करायची नाही. गिरण्यांचं म्हणणंही अगदीच चुकीचं नाही: आपला कापूस अनेकदा जागतिक भावापेक्षा महाग पडतो आणि त्यात कचरा, प्लास्टिकच्या दोऱ्या जास्त सापडतात. ब्राझील एका हेक्टरमध्ये आपल्या चौपटीच्या आसपास रुई काढतं.

पण शेतकऱ्याच्या बाजूने पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. २०२५ च्या हंगामात खासगी व्यापाऱ्यांचा भाव हमीभावाच्या खाली राहिला. मग उरतं सरकारी खरेदी केंद्र, म्हणजे सीसीआय, भारतीय कापूस महामंडळ. आणि तिथे २०२५ मध्ये नोंदणीसाठी मोबाइल अ‍ॅप आलं.

कपास किसान

माझे मामा वणीच्या बाजूला कापूस लावतात. त्यांची नोंदणी मीच करून दिली, कारण घरात 'मोबाइलवालं काम' म्हटलं की फोन माझ्याकडे येतो. तुमच्यातल्या कित्येकांनी तेव्हा हेच केलं असेल. 'कपास किसान' अ‍ॅपमध्ये आधार नंबर, ओटीपी, जमिनीचा उतारा, कापसाखालचं क्षेत्र. ही माहिती सरकारी यंत्रणा तपासते, मंजूर झाली की केंद्रावर माल न्यायची तारीख, म्हणजे स्लॉट, बुक करायचा. सप्टेंबरमध्ये नोंदणी सुरू झाली आणि तिची मुदत वाढवावी लागली. केंद्रावर गेल्यावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात, १२ च्या वर माल घेत नाहीत. २०२५ मध्ये पाऊस जाता जात नव्हता, तेव्हा ओलावा हाच बोलण्याचा विषय होता.

कापूस घेतल्यावर पुढे काय होतं ते मला जास्त रंजक वाटतं. सीसीआयच्या गाठींवर आता क्यूआर कोड असतो. तो स्कॅन केला की कापूस कुठल्या गावातून घेतला, कुठल्या जिनिंगमध्ये त्याची गाठ झाली, कधी विकली हे कळतं. यामागे ब्लॉकचेन आहे: प्रत्येक टप्प्याची नोंद आधीच्या नोंदीला जोडलेली असते, त्यामुळे मागची नोंद गुपचूप बदलणं अवघड. 'कस्तुरी कॉटन भारत' हा भारतीय कापसाचा ब्रँडही याच धर्तीवर चालतो. त्यात ठराविक दर्जाच्या गाठींना कोड मिळतो.

म्हणजे शेतकऱ्याने आधार दिलं, उतारा दिला, ओटीपी टाकला, ओलावा मोजून घेतला. गाठीला गावाचं नाव लागलं. आणि मग? मग गाठ गिरणीत जाते, सूत होतं, सायझिंग होतं, मागावर चढतं, ग्रे कापड म्हणून विकलं जातं, प्रोसेसमध्ये रंगतं, कुठल्यातरी युनिटमध्ये शिवलं जातं, आणि तुमच्या स्क्रीनवर येतं तेव्हा त्याचं नाव असतं 'कॉटन ब्लेंड'. माग या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, कापड विणायचा माग आणि कशाचा तरी काढायचा माग. दुसरा पहिल्याजवळ येऊन संपतो.

मी गेल्या महिन्यात तीन वेगवेगळ्या 'कॉटन ब्लेंड' कुर्त्यांखाली प्रश्न टाकला: कॉटन किती टक्के? एकाने उत्तर दिलं, 'यस मॅम, गुड क्वालिटी.' (मी मॅम नाही.) दुसऱ्याने '१००% कॉटन ब्लेंड' लिहिलं. तिसऱ्याचं उत्तर आलंच नाही. '१००% ब्लेंड' म्हणजे शंभर टक्के भेसळीचं दूध म्हणण्यासारखं झालं.

जरा आकडा मांडू, म्हणजे यात कोणाचं काय जातं ते दिसेल. हा माझा ढोबळ हिशोब आहे. एका साध्या कुर्त्याला २५० ग्रॅम कापड धरा. सूतकताईतली घट धरून ३०० ग्रॅम रुई लागेल. ३४ टक्क्यांच्या हिशोबाने त्यासाठी जवळपास ९०० ग्रॅम कापूस. किलोला ₹८१ हा पूर्ण हमीभाव मिळाला असं मानलं, तर सत्तर-बहात्तर रुपये, तेही सरकीसकट. ₹७९९ च्या अस्सल सुती कुर्त्यात शेतकऱ्याचा वाटा एवढाच. आता तो कुर्ता ४० टक्के कॉटन आणि ६० टक्के पॉलिस्टर असेल तर वाटा तीस रुपयांच्या आत येतो, पण फिल्टरमध्ये तो कॉटनच्याच गर्दीत उभा असतो आणि बऱ्याचदा किंमतही तीच लावलेली असते.

मला पॉलिस्टरचा राग नाही. रेनकोट, बॅग, धावायचा टी-शर्ट, शाळेचा युनिफॉर्म यांत ते कापसापेक्षा सरस आहे: लवकर वाळतं, चुरगळत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीने टेरिकॉटचा शर्ट हौसेने घातला, आणि टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर अधिक कॉटनच होतं. फरक एवढाच की दुकानदार त्याला टेरिकॉट म्हणायचा आणि ताग्याच्या काठावर '६७% पॉलिस्टर ३३% कॉटन' असं छापलेलं असायचं. १९८८ चे वस्त्रांसाठीचे ग्राहक संरक्षण नियम आहेत, त्यांनुसार कापड बनवणाऱ्याने त्यात कुठला तंतू किती टक्के ते लिहायचं असतं. ताग्यावर लिहिलेली ती ओळ कापड कापून, शिवून, पॉलिथिनमध्ये घालून फोटो काढेपर्यंत कुठेतरी गळून पडते.

विणीचं नाव ऐकून तंतू ओळखता येत नाही

आता त्या फिल्टरमधल्या दुसऱ्या गटाकडे येतो. मागावर उभे ताणलेले धागे म्हणजे ताणा, आणि धोट्यातून आडवा जाणारा तो बाणा. बाणा ताण्याच्या खालून-वरून कसा जातो यावर कापडाची जात ठरते. मुख्य जाती तीनच.

एक वर, एक खाली, ही साधी वीण. मांजरपाट, मलमल, पॉपलिन, कॅम्ब्रिक, व्हॉइल, खादीचं नेहमीचं कापड, सगळी याच विणीची. मग मांजरपाट खरखरीत आणि मलमल तलम का? सुताच्या जाडीमुळे. सुताला काउंट असतो, २०, ४०, ८० असा. आकडा जितका मोठा तितकं सूत बारीक. जॉर्जेटसुद्धा साध्या विणीचंच, फक्त त्याचा धागा खूप जास्त पिळलेला असतो, म्हणून ते बारीक दाणेदार लागतं.

दुसरी तिरपी वीण, ट्विल. बाणा दरवेळी एक घर सरकतो, त्यामुळे कापडावर तिरक्या रेघा उमटतात. तुमच्या जीन्सवर बघा, दिसतील. डेनिममध्ये ताणा निळा आणि बाणा पांढरा, म्हणून पँट उलटी केली की आतून पांढरट दिसते. निळीचा रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत पोचत नाही, वरवर बसतो. घासला की आतला पांढरा भाग दिसतो आणि जीन्स 'फेड' होते. जाता जाता: इंग्रजीतला 'डंगरी' हा शब्द आपल्या मुंबईच्या डोंगरीशी जोडतात, तिथे मिळणाऱ्या जाड्याभरड्या सुती कापडावरून.

तिसरी सॅटिन. यात धागा चार-चार धाग्यांवरून तरंगत जातो आणि मग एकदाच खाली बुडी मारतो. मोकळे तरंगणारे धागे प्रकाश परतवतात, म्हणून चकाकी. याच मोकळ्या धाग्यांत अंगठी, बांगडी अडकते आणि सूत ओढलं जातं. चकाकी विणीतून येते, त्यामुळे फोटोत पॉलिस्टरचं सॅटिन आणि रेशमाचं सॅटिन ओळखणं जवळपास अशक्य. गूगल लेन्सने साडीचा फोटो स्कॅन केला तर ते मिळतंजुळतं डिझाइन शोधून देईल. तंतू कुठला हे फोटोत नसतंच, तर ते सांगणार कुठून?

टी-शर्ट या तिन्हींत बसत नाही. तो विणलेला नसतो, स्वेटरसारखा एकाच धाग्याच्या फासांनी गुंफलेला असतो, म्हणून ताणला जातो. त्याच्या लिस्टिंगमध्ये '१८० जीएसएम' लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन १८० ग्रॅम. हा आकडा जाडी सांगतो, तंतू सांगत नाही. बेडशीटच्या '१००० थ्रेड काउंट'कडे तर संशयानेच बघा. एका चौरस इंचात एवढे धागे बसवणं कठीण असतं, म्हणून काही उत्पादक दोन-तीन पदरी धाग्याचा एकेक पदर वेगळा मोजतात. चांगल्या सुताची ३०० ची चादर अशा हजारीपेक्षा बरी.

पैठणीतही हाच गोंधळ आहे. 'सेमी पैठणी' म्हणून जे विकलं जातं ते बहुतेक यंत्रमागावरचं, अनेकदा पॉलिस्टरचं असतं. तो घेण्यात गैर काही नाही, हजार-दोन हजारांत हौस भागते. पण हातमागावरच्या पैठणीच्या पदराची नक्षी मागून-पुढून सारखीच दिसते, मागे सुटे धागे लोंबत नाहीत. ऑनलाइन घेताना पदराच्या मागच्या बाजूचा फोटो मागा. आणि रेशमाला एक सोय आहे जी कापसाला नाही: २००४ पासून 'सिल्क मार्क' हे लेबल आहे, केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने सुरू झालेलं, आणि ते थेट साडीला लावून गिऱ्हाइकाच्या हातात येतं. रेशमाचं जमलं तर कापसाचं न जमण्याचं तांत्रिक कारण मला तरी दिसत नाही. गाठीवर कोड आहेच.

घरी कपडा आल्यावर

परत करायची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी करा. आतल्या शिलाईपाशी जास्तीचं कापड सोडलेलं असतं, तिथून एक धागा ओढून काढा. शिवणीचा दोरा नको, कारण शुद्ध सुती कपडासुद्धा अनेकदा पॉलिस्टरच्या दोऱ्याने शिवलेला असतो. कापडातला धागा हवा. तो चिमट्यात धरून, सिंकवर, काडीने पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, वास कागदाचा, मागे मऊ राखाडी राख. पॉलिस्टर आकसतं, वितळतं आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. रेशीम आणि लोकर जळक्या केसांसारखी वास मारते. दोन्ही प्रकारची लक्षणं दिसली, राखही आणि मणीही, तर ब्लेंड. (घरातल्या लहानांना हे करू देऊ नका, आणि अंगावर घातलेल्या कपड्यावर तर मुळीच नाही.)

रेयॉन इथे चकवतं, कारण तेही कागदासारखंच जळतं. म्हणून दुसरा धागा काढा, मधोमध ओला करा आणि दोन्ही टोकं धरून ओढा. ओल्या जागीच पटकन तुटला तर रेयॉनची शक्यता जास्त. कापसाचा धागा तिथे टिकून राहतो. ही प्रयोगशाळेची चाचणी नाही, पण 'प्युअर कॉटन' लिहिलेल्या कुर्त्यात कडक मणी सापडला तर पुढचं बोलायला पुरेसं आहे.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार, जाहिरातीत सांगितलेल्या गुणांप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. लिस्टिंगचा स्क्रीनशॉट ऑर्डर करतानाच काढून ठेवा, कारण वर्णन नंतर बदलतं. तरीही दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, अ‍ॅपवरूनही तक्रार करता येते. आणि रिव्ह्यू लिहाल तेव्हा 'मस्त आहे, कलर सेम' च्या पुढे तंतूचं एक वाक्य लिहा. पुढच्या माणसाला फिल्टरपेक्षा त्याचा जास्त उपयोग होतो.

युरोपात हा प्रश्न वेगळ्या वळणावर आहे. तिथे कपड्यावर तंतूंची टक्केवारी लिहिणं बंधनकारक आहेच, आणि युरोपियन युनियनच्या २०२४ च्या कायद्यानुसार येत्या काही वर्षांत वस्तूंना 'डिजिटल प्रॉडक्ट पासपोर्ट' लागणार आहे. कपडे त्या यादीत अग्रक्रमाने आहेत. कोड स्कॅन केला की कपडा कशाचा, कुठे बनला हे कळलं पाहिजे. म्हणजे तिरुपूरहून जर्मनीला जाणाऱ्या शर्टाला असा कोड लागेल. तोच कारखाना तसाच शर्ट नागपूरला पाठवेल तेव्हा त्यावर काय असेल, हे अजून आपल्याकडे कोणी ठरवलेलं नाही. मी आजवर विकत घेतलेल्या एकाही कपड्यावर गाठीपर्यंत पोचवणारा कोड मला मिळालेला नाही. तुम्हाला कुठे दिसला तर खाली फोटो टाका.

आयात शुल्काची सवलत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. गिरण्या ती वाढवून मागत होत्या, शेतकरी संघटना ती बंद करा म्हणत होत्या. मामांचा दुसऱ्या वेचणीचा कापूस तेव्हा घरातच होता.